स्थलांतरितांचा छोटा पक्ष कसा उभा राहतो? (आणि आपल्याकडं का नाही?)

तेरणाकाठ

राम राम मंडळी.

पुण्यात राहणाऱ्या मराठवाड्याच्या लोकांनी आपला वेगळा पक्ष काढावा, असं पलीकडच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलंय. तिथं दोन ओळींचा प्रतिसाद द्यायला बसलो, तो एवढा वाढला की वेगळा धागाच काढला.

मी सहा वर्षं नेदरलँड्समध्ये, रॉटरडॅमला नोकरीला होतो. आता लातूरला कायमचा परत आलोय. तिथं असताना, २०२२ च्या मार्चमध्ये, घरी टपालानं एक कागद आला. महापालिकेची निवडणूक आहे, हा कागद नि ओळखपत्र घेऊन मतदानाला या. मला आधी वाटलं चुकून आला असेल, कारण माझा पासपोर्ट भारताचा. शेजारी राहणारे तुर्की आजोबा हसायला लागले. म्हणाले, कायदेशीर राहून पाच वर्षं झाली की गावच्या निवडणुकीत मत देता येतं, नागरिक असायची गरज नाही. संसदेसाठी मात्र डच नागरिकत्व लागतं.

१६ मार्चला गेलो. शाळेची व्यायामशाळा, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या चटया. मतपत्रिका म्हणजे काय सांगू, सतरंजीच! उलगडली तर मतदानाच्या फळीवरून खाली लोंबायला लागली. पक्षाखाली पक्षाच्या सगळ्या उमेदवारांची नावं, प्रत्येक नावापुढं एक गोल, आणि दोरीला बांधलेली लाल पेन्सिल. एक गोल रंगवायचा. रंगवला. पण सतरंजीची घडी काही पहिल्यासारखी बसेना, मागं रांग. शेवटी तशीच चुरगाळून पेटीत कोंबली.

त्या कागदावर एक नाव होतं डेंक. आज त्याच पक्षाबद्दल लिहायचंय.

तुर्कस्तानातून मजूर आणायचा करार १९६४ चा, मोरोक्कोचा १९६९ चा. माणसं येतील, कारखान्यात राबतील आणि माघारी जातील असा हिशोब. ती गेली नाहीत. बायका-पोरं आली, पोरं तिथंच शिकली, आणि यातल्या बहुतेकांची मतं वर्षानुवर्षं मजूर पक्षाला जात राहिली. त्या पक्षाच्या तुनाहान कुझू नि सेल्चुक ओझतुर्क या दोन तुर्की वंशाच्या खासदारांचं २०१४ मध्ये स्वतःच्याच मंत्र्याशी वाजलं. मंत्री लोडेवाइक आशर. तुर्की धार्मिक संस्थांवर बारीक नजर ठेवायची असं त्यांचं धोरण. पक्ष म्हणाला, मंत्र्यावर विश्वास आहे असं सांगा. हे म्हणाले, नाही सांगत. १३ नोव्हेंबरला दोघांची हकालपट्टी झाली.

गंमत इथून पुढं. दोघांनी राजीनामे दिलेच नाहीत. तिथं जागा पक्षाची नसते, निवडून आलेल्या माणसाची असते. दोघांचा गट सभागृहात बसला आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याचा पक्ष झाला. म्हणजे पक्षाच्या आधी खासदार! डेंक या शब्दाचा डचमध्ये अर्थ 'विचार कर' आणि तुर्कीत 'समान, तोलाचा'. नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे.

२०१७ ला पहिल्यांदा लढले. २,१६,१४७ मतं, दोन टक्क्यांच्या जरा वर, आणि १५० पैकी ३ जागा. तिसरे खासदार फरीद अझरकान, मोरोक्कन वंशाचे. २०२१ लाही तीन, २०२३ लाही तीन. ना वाढ, ना घट.

तर प्रश्न असा. दोन टक्क्यांत तिकडं पक्ष उभा राहतो. आपली एवढी माणसं पुणे-मुंबईत, सांगली-कोल्हापुरात जातात, मग आपला असा पक्ष का नाही?

---

वाकडकर_मूळ_जिंतूर

एक नंबर धागा दादा! मी तर म्हणतो काढूच.

शुक्रवारी रात्री वाकडच्या पुलाखाली या आणि बघा. परभणी, नांदेड, लातूर, उदगीर, हिंगोली, ट्रॅव्हल्सची रांग. दिवाळीत तिकिटाचे भाव असे की विमानानं जावं. भोसरी-चिखलीत गल्लीच्या गल्ल्या आपल्या. वॉचमन आपला, रिक्षावाला आपला, कोडिंग करणारा आपला. आणि मान किती? मागच्या वर्षी फ्लॅट बघायला गेलो तर मालकाचा पहिला प्रश्न, "मराठवाड्याचे का? मग गावाकडची माणसं सारखी राहायला येत असतील." डिपॉझिट एक महिन्याचं जास्त मागितलं. दिलं, काय करणार.

डेंकचे दोघं अपमान झाला म्हणून उठले. आपण अपमान गिळून ईएमआय भरायलोय.

---

वकील_परभणी

उत्साहावर पाणी टाकायचं माझ्या धंद्यातच आहे, राग मानू नका.

पक्ष काढणं अवघड नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम २९-अ. स्थापनेपासून ३० दिवसांत निवडणूक आयोगाकडं अर्ज, किमान १०० सभासद (सगळे नोंदणीकृत मतदार, प्रत्येकाचं शपथपत्र), १०,००० रुपयांचा डीडी, पक्षाची घटना, वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस. वाकडकर, तुमच्या एका ट्रॅव्हल्सच्या दोन फेऱ्यांत शंभर माणसं होतील. असे पक्ष देशात ढिगानं आहेत. सहा वर्षं एकही निवडणूक न लढवलेले ३३४ पक्ष आयोगानं ऑगस्ट २०२५ मध्ये एका फटक्यात यादीतून काढून टाकले.

अवघड आहे ते पुढचं. नेदरलँड्समध्ये अख्खा देश हा एकच मतदारसंघ. एकूण वैध मतं भागिले १५०, जो आकडा येईल तेवढ्या मतांना एक जागा. २०१७ ला तो ७० हजारांच्या आसपास होता. मत रॉटरडॅममध्ये पडो की कुठल्या खेड्यात, सगळी एकाच गोणीत.

आता तीच २,१६,१४७ मतं महाराष्ट्रात २८८ मतदारसंघांत सारखी वाटा. मी कॅल्क्युलेटरवर केलं. वाट्याला येतात ७५०. साडेसातशे मतांत आमच्याकडं ग्रामपंचायतीचं पॅनल निघत नाही हो. वर एक षष्ठांश मतं पडली नाहीत की डिपॉझिट जप्त. विधानसभेला १०,००० रुपये, २८८ ठिकाणी किती ते तुम्हीच गुणा.

राहिलं पक्ष फोडून जागा राखायचं. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर आपल्याकडं दोघा-चौघांना ते जमत नाही. पक्षानं हाकललं तरी सुटका नाही. १९९६ च्या विश्वनाथन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की हाकललेला आमदारही ज्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आला त्याचाच धरायचा. त्यानं नवा पक्ष धरला की गेली आमदारकी. कुझू-ओझतुर्क इथं असते तर नवा पक्ष काढायच्या दिवशी माजी झाले असते.

---

वाकडकर_मूळ_जिंतूर

वकीलसाहेब, २८८ कशाला लढायच्या? आपली माणसं दाट आहेत तिथंच लढू. महापालिकेत चार जणांचा प्रभाग असतो, चारातला एक तरी आपला निघेल की.

---

वकील_परभणी

हा गैरसमज बऱ्याच जणांचा आहे. २०१७ ला पुण्यात चार सदस्यांचा प्रभाग होता. पण मशीनवर अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या लढती. प्रत्येक जागेला ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून येतो. प्रभागात पंचवीस टक्के मतं तुमची असली तरी चारही जागांवर पडाल. उलट प्रभाग मोठा झाल्यानं छोट्याचं मरणच.

---

निजामकालीन

वयानं थोडा मोठा आहे म्हणून जुनी आठवण काढतो. आपल्या भागात माणसं जागेवर बसली आणि सरहद्द हलली. माझे वडील जन्मले निजामाच्या राज्यात, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आले, १९६० ला महाराष्ट्रात, आणि या सगळ्या काळात आमचं घर एकाच गल्लीत! त्यामुळं 'बाहेरचा पक्ष' म्हणजे काय हे मराठवाड्यात ठरवणं अवघड.

एमआयएम बघा. मजलिस मूळ हैदराबादची, १९२७ ची. २०१२ ला नांदेड महापालिकेत ११ जागा घेऊन आली तेव्हा सगळे म्हणाले, बाहेरून आली. अहो, नांदेडला हैदराबाद बाहेरचं कधीपासून झालं? २०१४ ला औरंगाबाद मध्यमध्ये आमदार, २०१९ ला खासदारकी, तीही साडेचार हजारांच्या आतल्या फरकानं आणि वंचितशी हातमिळवणी करून. म्हणजे थेट मतांच्या पद्धतीतही छोटा पक्ष निघतो. पण दोन अटी. मतं एका जागी गोळा हवीत, आणि समोरच्यांची फुटायला हवीत. पुण्यातली आपली माणसं गोळा आहेत का, हे वाकडकरांनी सांगावं.

अवांतर: सतरंजीवरून आठवलं, आमच्याकडं जिल्हा परिषदेला एकदा मतपत्रिका एवढी मोठी होती की एका म्हातारीनं ती सरळ पदराखाली घेतली नि घरी निघाली. केंद्राध्यक्ष मागं पळत.

---

सुनंदा_नांदेड

धागा छान आहे, पण डेंकचं कौतुकच चाललंय म्हणून दुसरी बाजू मांडते.

सिल्वाना सिमन्स या सुरिनाममध्ये (जुनी डच वसाहत) जन्मलेल्या टीव्हीवरच्या बाई २०१६ च्या मे महिन्यात डेंकमध्ये आल्या. वंशभेदाविरुद्ध बोलतात म्हणून त्यांना भयंकर शिवीगाळ झाली. डिसेंबरात त्या बाहेरही पडल्या आणि स्वतःचा पक्ष काढला. त्याचंच पुढं बाय-एन (BIJ1) झालं, २०२१ ला एक जागा मिळाली. स्थलांतरितांच्या छोट्या पक्षातून आणखी छोटा पक्ष, सात-आठ महिन्यांत! २०२० मध्ये तर डेंकच्या उरलेल्या तिघांतही जाहीर भांडण झालं.

दुसरं म्हणजे मागं सोडून आलेल्या मुलखाची शेपूट. २०१८ मध्ये डच संसदेत तुर्कांच्या ऑटोमन राज्यात झालेल्या आर्मेनियन वंशहत्येला वंशहत्या म्हणायचा ठराव आला. १४२ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाला. ते तीन कोण, सांगायला नको. रॉटरडॅमच्या पोरांच्या नोकऱ्यांसाठी मतं मागितली आणि संसदेत सगळ्यांविरुद्ध उभे राहिले ते तुर्कस्तानच्या दुखण्यावर.

आता आपल्याकडं या. पुण्यातला मराठवाड्याचा पक्ष कुणाचा असेल? मराठ्यांचा, वंजाऱ्यांचा, बौद्धांचा, मुसलमानांचा, लिंगायतांचा, धनगरांचा? गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या गावांत काय चाललंय ते इथं सगळ्यांना माहीत आहे. चहाच्या टपऱ्या वेगळ्या झाल्यात. ते भांडण ट्रॅव्हल्सच्या डिकीत घालून वाकडला येणार नाही असं कुणाला वाटत असेल तर आनंद आहे. पहिल्या बैठकीत अध्यक्ष कोण यावरच पक्षाचे तीन पक्ष होतील.

---

तेरणाकाठ

सुनंदाताई, मान्य. १४२-३ ची गोष्ट मी मुद्दाम लिहिली नव्हती असं नाही, पण टाळलीच म्हणा.

त्याच पक्षाची दुसरी गोष्ट सांगतो. रॉटरडॅममध्ये लेफबार नावाचा स्थानिक पक्ष आहे, पिम फोर्टाउन यांच्यामुळं गाजलेला. २००२ साली परकीयांच्या मुद्द्यावरच त्यांनी ४५ पैकी १७ जागा जिंकल्या होत्या. डेंक आणि हे म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य. मी ज्या निवडणुकीत मत दिलं तीत डेंकला ४ जागा मिळाल्या, आणि नंतर शहरात जे सरकार झालं त्यात लेफबार आणि डेंक मांडीला मांडी लावून! आमच्या त्या तुर्की आजोबांना मी विचारलं, हे कसं काय? ते म्हणाले, संसदेत भांडायचं ते तत्त्वाचं असतं, महापालिकेत कचऱ्याचा डबा उचलायचा असतो.

ते ऐकून मला आपले सहकारी साखर कारखाने आठवले. विधानसभेला एकमेकांचे कपडे फाडणारे कारखान्याच्या पॅनलमध्ये एकत्र.

---

गोदाकाठ_पैठण

स्थलांतरितांचा पक्ष म्हटलं की मला इस्रायल आठवतं. सोव्हिएत संघ फुटल्यावर तिकडून लाखो ज्यू आले. डॉक्टर, इंजिनिअर, वादक, आणि नशिबी झाडू. १९९६ मध्ये नतान शरान्स्की यांनी यिस्राएल बालिया हा पक्ष काढला आणि पहिल्याच झटक्यात १२० पैकी ७ जागा. तिथंही देश एकच मतदारसंघ आहे, वकीलसाहेब.

त्यांची १९९९ ची मागणी मला फार आवडते. संरक्षण नको, अर्थ नको, आम्हाला गृहमंत्रालय द्या. का? तर नागरिकत्वाचे, ओळखीचे, ज्यू असल्या-नसल्याचे कागद तिथून निघतात आणि रशियातून आलेल्यांना तिथंच खेटे घालावे लागतात. शरान्स्की गृहमंत्री झालेही. आपल्या भाषेत सांगायचं तर, मंत्रिपद राहू द्या, तहसीलच्या दाखल्याची खिडकी आमच्या ताब्यात द्या! ज्यानं जातीच्या दाखल्यासाठी १९६७ च्या आधीचा पुरावा काढायला चार हेलपाटे घातलेत त्याला ही मागणी एका मिनिटात कळते.

२००३ ला त्यांच्या दोन जागा आल्या आणि पक्ष लिकुड या मोठ्या पक्षात विरघळला. लोकांचं बस्तान बसलं, मुलं हिब्रू बोलायला लागली, मग वेगळ्या पक्षाला मत कशाला? असा पक्ष यशस्वी झाला तर मरतो.

---

निजामकालीन

नेहमीच मरतो असं नाही. सुरिनाम बघा. १८७३ पासून बिहार-उत्तर प्रदेशातून गिरमिटिये (करारावरचे मजूर) तिथं उसाच्या मळ्यांत गेले. १९४९ मध्ये त्यांच्या वंशजांचा पक्ष निघाला, व्हीएचपी, त्यातला एच हिंदुस्थानी लोकांचा. नंतर त्याच तीन अक्षरांचं विस्तारित नाव बदलून सुधारणेचं वगैरे केलं, म्हणजे सगळ्यांना येता येईल. २०२० ला त्या पक्षाचे चान संतोखी राष्ट्राध्यक्ष झाले. उसाच्या मळ्यातून निघालेला पक्ष, लक्षात घ्या.

---

बालाघाट

उसाचा विषय निघाला म्हणून लिहायलोय. नाहीतर मी नुसता वाचत असतो.

मी बीड जिल्ह्यातला, शिक्षक. आई-बाप कोयत्यावर जायचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल (आगाऊ पैसे) देतो, ती फिटंपर्यंत उसाच्या फडात. दसरा-दिवाळी झाली की ट्रॅक्टर भरून टोळ्या निघायच्या सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडं, आणि घरी मी नि आजी.

वाकडकर भाऊ, तुमची ट्रॅव्हल्स शुक्रवारी निघून सोमवारी परत येती. आमची माणसं निघाली की पाच-सहा महिने गावाला कुलूप. स्थलांतरितांचा पक्ष म्हणून तुम्ही सगळे पुण्याचंच बोलायलेत, म्हणून म्हटलं.

२०२४ च्या विधानसभेला मला केंद्रावर ड्युटी होती. २० नोव्हेंबर. दिवाळी होऊन अडीच आठवडे झालेले. दुपारपर्यंत वस्तीवरचे म्हातारे-कोतारे येऊन गेले. नंतर केंद्र मोकळं. यादीत एका घरातली आठ-आठ नावं, त्यातल्या एका-दोघांवर खूण, बाकी कोरी. चारच्या पुढं दोन जीपा आल्या. रात्रभर प्रवास करून आलेली माणसं, तोंडं धुवायलाही थांबली नव्हती. गाड्या कुणी पाठवल्या ते सगळ्या गावाला ठाऊक, मी लिहीत नाही.

शाई लावायचं काम माझ्या शेजारच्या मॅडमकडं होतं. एका बाईनं डावं बोट पुढं केलं आणि शाईची काडी टेकताच सप्पकन मागं ओढलं. मॅडमला वाटलं घाबरली. मी बघितलं तर बोटभर पाचटाचे चरे. ओले. त्यात शाई झोंबलेली. बाईनं परत बोट पुढं केलं आणि दुसरीकडं तोंड फिरवून उभी राहिली.

आता यांचा पक्ष काढा.

---

वाकडकर_मूळ_जिंतूर

गुरुजी, काय बोलावं कळेना.

---

वकील_परभणी

बालाघाट सर, कायद्यात तुमच्या माणसांचं नाव गावच्या यादीतून निघत नाही ही जमेची बाजू. तात्पुरतं बाहेर गेलं म्हणून 'सर्वसाधारण रहिवास' संपत नाही, १९५० च्या कायद्याचं कलम २०. पण मत द्यायला अंग तिथं न्यावं लागतं. निवडणूक ड्युटीवरच्या तुम्हाला टपाली मत आहे, सैन्यातल्याला आहे, ऊसतोडीला गेलेल्याला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आयोगानं दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला होता, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ. जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीत पक्षांना दाखवायला बोलावलं. बहुतेक विरोधी पक्षांनी नाही म्हटलं आणि विषय तिथंच थांबला.

आणि वाकडकर, न विचारलेला प्रश्न विचारतो. तुमचं स्वतःचं नाव कुठल्या यादीत आहे?

---

वाकडकर_मूळ_जिंतूर

...जिंतूर.

अहो, वडील म्हणतात नाव काढू नको, सोसायटीच्या निवडणुकीला लागतं, गावात वजन राहतं. अकरा वर्षं झाली पुण्यात. आमच्या ग्रुपवर आत्ताच विचारलं. चौदा जणांत पुण्याच्या यादीत तिघं.

---

सुनंदा_नांदेड

झाला पक्ष.

---

तेरणाकाठ

हसू नका ताई, हेच तर खरं दुखणं आहे. आजोबांना तुर्कस्तानातलं गाव काही सुटलं नव्हतं, दर उन्हाळ्यात गाडी काढून जायचे. पण मत रॉटरडॅमला होतं, कारण सरकारनं ते घरपोच पाठवलं. नाव नोंदवा, दाखला आणा, काही नाही. पत्ता बदलला की महापालिकेला कळवावंच लागतं, मतदानाचा कागद त्या पत्त्यावर आपोआप येतो. डेंकला मतदार शोधावे लागले नाहीत, यादीत तयार होते. माझं मत पाच वर्षांत माझ्या मागं आलं, वाकडकरांचं अकरा वर्षांत जिंतूरहून निघालं नाही. आणि गुरुजींच्या माणसांचं तर दुसऱ्याच्या जीपमध्ये बसून येतं.

वाकडकर, पक्ष नंतर काढू. आधी मतदार यादीचे फॉर्म भरायचा कॅम्प लावा तुमच्या पुलाखाली. नवं नाव घालायचं तर फॉर्म ६. पत्ता बदलायचा असेल तर फॉर्म ८. मी येतो लातूरहून.

---

वाकडकर_मूळ_जिंतूर

येत्या शुक्रवारी रात्री नऊला. गाड्या साडेदहापर्यंत हालत नाहीत, तेवढा वेळ मिळतो. भाड्याच्या घरावर ॲग्रीमेंट चालतं का, वकीलसाहेब? आमच्यातल्या निम्म्यांच्या मालकांनी ते रजिस्टरच केलेलं नाही.

---

वकील_परभणी

नोंदणी केलेला भाडेकरार लागतो. नसेल तर वीजबिल, गॅसचं बिल, बँकेचं पासबुक, आधार, ज्यावर पुण्याचा पत्ता आहे ते आणा. बहुतेकांच्या आधारवर गावचाच पत्ता निघणार, आधी ते बघून ठेवा.

---

गोदाकाठ_पैठण

म्हणजे शेवटी दाखल्याची खिडकीच.

बालाघाट सर, एक विचारायचं राहिलं. त्या जीपमधली माणसं मत देऊन त्याच रात्री परत गेली का?

---

बालाघाट

जीपा सहाला निघून गेल्या, माणसं घ्यायला आल्याच नाहीत. आणताना गरज होती, पोचवायला कोण येतंय. एक रात्र शाळेच्या वऱ्हांड्यात झोपली. सकाळी आपापल्या पैशानं एसटीनं बीडला, तिथून पुढं. फडात पोचायला तिसरा दिवस उजाडला.

मुकादमानं तीन दिवसांचे खाडे धरले. उचलीत.